आधी दाराला कडी, मग व्याख्यान

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत दहावीच्या मुलींनी ताण कसा हाताळावा यावर अर्धं पान छापून आलं होतं. पहाटे उठून ध्यान, रोज अर्धा तास चालणं, भरपूर पाणी, आठ तास झोप आणि मनात काही असेल तर आईवडिलांशी मोकळेपणानं बोलणं. यातला एकही सल्ला चुकीचा म्हणता येणार नाही. तरी वाचताना सारखं वाटत राहिलं की ज्या मुलींसाठी हे लिहिलंय त्यांचा दिवस लिहिणाऱ्यानं जवळून पाहिलेला नाही. मी पाहिलाय, आणि तोही शिक्षिका म्हणून नव्हे. सोलापूर जिल्ह्यात, धाराशिवच्या हद्दीला लागून असलेल्या एका तालुक्यात, अनुदानित माध्यमिक शाळेच्या कार्यालयात मी लिपिक होते. कनिष्ठ म्हणून लागले, वरिष्ठ होऊन निवृत्त झाले. शाळेचं नाव देत नाही. तिथं अजून माझी माणसं नोकरीला आहेत, आणि जे सांगायचंय ते काही त्या एका शाळेपुरतं नाही.

शाळेत लिपिकाला कोणी खिजगणतीत धरत नाही. त्याचा फायदा असा की वर्गात शहाण्यासारख्या बसणाऱ्या मुली कार्यालयाच्या खिडकीशी आल्या की जशा आहेत तशा असतात. कुणाला बोनाफाईड हवं असतं, कुणाचा एसटीचा पास संपलेला असतो, कुणाच्या बोर्डाच्या फॉर्मवर आईचं नाव चुकलेलं असतं. आणि हजेरीपट, रजेचे अर्ज, दाखले हे सगळे कागद फिरून फिरून शेवटी आमच्याच टेबलावर येतात.

रजेच्या अर्जांचंच घ्या. ‘माझी मुलगी आजारी असल्यामुळे’ असा मजकूर, खाली वडिलांची सही. मजकूर मुलीच्या अक्षरात आणि बऱ्याचदा सहीसुद्धा. कारण नेहमी पोटदुखी नाहीतर ताप. पण तारखा सुगीच्या. आमच्याकडे तूर डिसेंबर-जानेवारीत निघते आणि ज्वारीची काढणी फेब्रुवारी-मार्चात येते, म्हणजे सराव परीक्षा, तोंडी आणि बोर्ड यांच्या ऐन मध्ये. मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, मग दहावीतली पोर काढणीला. ज्यांचे आईवडील ऊसतोडीला जातात त्यांची तऱ्हा वेगळी. दिवाळीनंतर टोळी गेली की चौदा वर्षांची मुलगी म्हातारी आजी आणि दोन धाकटे भाऊ घेऊन घर चालवते. हंगामी वसतिगृहाची योजना आहे, आम्ही याद्या पाठवायचो. पण धाकट्यांना सांभाळायला कोण, या प्रश्नापाशी मोठ्या मुलीचं नाव गळायचं. अशा मुलीला ‘वेळेचं नियोजन करा’ म्हणून सांगणाऱ्याला मी हात जोडते. नियोजन तिच्याकडूनच शिकावं.

आता ‘भरपूर पाणी प्या’ याबद्दल. आमच्याकडे मुलींच्या स्वच्छतागृहाला पाच दारं. एकात मोडकी बाकं रचलेली. एकाला कुलूप, कारण ते स्टाफसाठी. उरलेल्या तिनांपैकी दोघांना आतून कडीच नव्हती. त्यामुळे मैत्रीण बाहेर दार धरून उभी राहणार, मग ही बाहेर येऊन तिच्यासाठी दार धरणार. मधली सुट्टी वीस मिनिटांची आणि मुली काही शे. यावर मुलींनी स्वतःच तोड काढली होती, ती म्हणजे पाणीच प्यायचं नाही. घरातून निघाल्यापासून परत घरी पोचेपर्यंत घोटभरसुद्धा नाही. त्यातून डोकं दुखणं, लघवीला जळजळ, तिसऱ्या-चौथ्या तासाला डोळ्यांपुढे अंधारी. पाळीच्या दिवसांत तर घरी थांबलेलंच बरं. महिनाअखेरीला मी हजेरीची बेरीज करायची तेव्हा त्याच त्या मुलींची दर महिन्याला दोन-तीन दिवसांची गैरहजेरी ओळीनं दिसायची. मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं हवीत हे शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात २००९ पासून लिहिलेलं आहे. कडीचा उल्लेख त्यात नाही, बहुधा कायदा करणाऱ्यांना ती गृहीत वाटली असावी.

कडीचा अर्ज पडून होता. दुरुस्ती म्हटली की शाळा समितीचा ठराव आला, दरपत्रकं आली. त्याच सुमारास ‘किशोरवयीन मुली आणि ताणतणाव’ या विषयावर बाहेरून वक्ते बोलावले होते. जमाखर्चाची कीर्द मीच लिहायची, त्यामुळे आठवतंय: शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, वक्त्यांचा प्रवासखर्च, पाहुण्यांचा चहा, मंडपाचं भाडं. मुली दोन तास पटांगणात मांडी घालून बसलेल्या. वक्ते बोलले चांगलं, सकारात्मक विचारांवर. मधून उठायची सोय नव्हती. शेवटी कड्या बसल्या त्या एका मुलीच्या वडिलांमुळे. सुतार होते, दाखल्याच्या कामासाठी आले होते, बोलता बोलता विषय निघाला. दुसऱ्या दिवशी दुपारी हत्यारं घेऊन आले आणि तासाभरात काम उरकून गेले. जाताना प्रत्येक दाराच्या आतून हाताच्या उंचीवर एक खिळा मारून गेले, पिशवी आणि ओढणी अडकवायला. तो खिळा आमच्यापैकी कुणाला सुचला नसता. त्यानंतर पाण्याच्या टाकीपाशी मुली दिसायला लागल्या.

‘आठ तास झोप’ हीसुद्धा अशीच. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनानं काढलेला आदेश आपणही छापला होता: चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत. राज्यपालांनी लहान मुलांच्या झोपेचा मुद्दा काढला होता, त्यातून ते झालं. चांगलंच झालं. पण पाचवीपासून पुढच्यांचं काय? वयात येताना शरीराचं झोपेचं घड्याळ पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरायला लागतं आणि सकाळीही उशिरापर्यंत रेंगाळतं. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी असं डॉक्टर सांगतात. म्हणजे झोपेच्या कारणानं सवलत कुणाला द्यायचीच असेल तर ती या पोरांना आधी द्यायला हवी. आमच्याकडे इमारत एक आणि वर्ग जास्त, म्हणून आठवी ते दहावी सकाळी सातला. दहावीचा जादा तास त्याच्याही आधी. खेड्यातून येणारी मुलगी साडेचार-पाचला उठणार, नळ त्या वेळी येत असेल तर पाणी भरणार, भाकरी थापणार, पहिली गाडी धरणार. संध्याकाळी परत स्वयंपाक आणि भांडी. पुस्तक हातात यायला घरातला टीव्ही बंद व्हावा लागतो. तिचा भाऊ त्याच शाळेत, वरच्या वर्गात. तो सहाला उठतो. डब्यातली भाकरी दोघांची सारखीच असते, तेवढी एक गोष्ट सोडली तर दिवस सारखा नसतो. एकदा बोनाफाईडसाठी थांबलेली दहावीतली मुलगी माझ्या टेबलाशेजारच्या बाकावर बसल्या बसल्या झोपली. मी शिक्का मारला, सही आणली, तिला उठवलं नाही. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा दचकून उठली आणि पहिलं काय म्हणाली तर, ‘बाईंना सांगू नका.’

हे ‘सांगू नका’ मी इतक्यांदा ऐकलंय की माझं सगळं म्हणणं त्यावरच उभं आहे. पण त्याआधी जेवणाचं थोडक्यात सांगते. दुपारचा पोषण आहार आठवीपर्यंत. नववीत गेली की खिचडी बंद, आणि सकाळी घरातून चहा-बटरवर निघालेली मुलगी बाराच्या सुमाराला शाळेतल्या प्रार्थनेच्या जागेच्या पायरीवर डोकं धरून बसलेली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे सांगतात की देशात पंधरा ते एकोणीस वयाच्या निम्म्याहून जास्त मुलींमध्ये रक्त कमी आहे. आठवड्याला लोहाची निळी गोळी शाळेत मिळते. ती उपाशीपोटी घेतली की मळमळते, म्हणून आमच्या वर्गांच्या मागच्या खिडकीखाली पावसाळ्यात निळे ठिपके पडलेले असायचे. वर चहा प्यायला तर लोह अंगी लागत नाही, हेही कुणी सांगत नाही. अशा मुलीच्या प्रगतिपुस्तकावर शेरा असतो, ‘अभ्यासात लक्ष नाही’.

आता मूळ मुद्दा. मोकळेपणानं बोला, म्हणे. कुणाशी बोलायचं आणि बोलल्यावर पुढे काय होतं?

नववीतल्या एका मुलीची हकीकत सांगते. ओळख पटेल असं काही देत नाही. एक मुलगा तिला मोबाईलवर त्रास द्यायचा. तिनं धीर करून वर्गशिक्षिकेला सांगितलं, त्यांनी मुख्याध्यापकांना सांगितलं, मुख्याध्यापकांनी चांगल्या हेतूनं पालकांना बोलावलं. पुढच्या आठवड्यात वडील माझ्या खिडकीशी, दाखला द्या म्हणून. समजावून पाहिलं, सरांनीही पाहिलं. ते चांगले गृहस्थ होते, आवाज चढवला नाही, फक्त मान हलवत राहिले. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कारणाचा एक रकाना असतो, त्यात ‘पालकांच्या विनंतीवरून’ एवढंच लिहायचं असतं. मुलाचं काय झालं? काही नाही. तो दहावी होऊन बाहेर पडला. आणि ही बातमी वर्गातल्या बाकीच्या मुलींपर्यंत पोचायला किती वेळ लागला असेल? त्यानंतर त्या वर्गातल्या एकाही मुलीनं कुणाला काही सांगितलं नाही.

मुली अबोल असतात, लाजतात, त्यांना व्यक्त होता येत नाही, असं वक्ते सांगतात. माझा अनुभव उलटा आहे. मुली फार नीट हिशेब करतात. त्रास सांगितला तर त्रास थांबेल की शाळा थांबेल, हा तो हिशेब. चष्म्यापासून छेडछाडीपर्यंत सगळीकडे तोच. आणि आमच्याकडे तरी त्यांचं उत्तर बरोबर यायचं. तेव्हा मुलींना बोलतं करायचं असेल तर आधी बोलण्याची किंमत त्यांना मोजावी लागणार नाही अशी व्यवस्था करा. बाकी ध्यान, छंद, डायरी हे त्यानंतर.

अशी व्यवस्था करता येते, हे मी पाहिलंय, म्हणून तर हा एवढा लांब कागद लिहायला बसले.

शाळाशाळांतून तक्रारपेटी बसवायचे आदेश आले तेव्हा आमची पेटी मुख्याध्यापकांच्या खोलीसमोर लागली, वर सीसीटीव्ही. महिन्याच्या अहवालात मी ‘तक्रार निरंक’ असं लिहायची. मग १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयानं मुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आली. त्या समितीत अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, पालक, विद्यार्थी असे बरेच जण असायचे असतात. पुष्कळ ठिकाणी इतिवृत्तावर सह्या फिरतात, माणसं एकत्र येत नाहीत. आमच्याकडे मात्र विज्ञानाच्या एका बाईंनी ते मनावर घेतलं. त्यांनी पहिलं काम काय केलं तर पेटी उचलून ग्रंथालयाच्या कपाटाशेजारी नेली, जिथं मुली एरवीही ये-जा करतात आणि चिठ्ठी टाकली की पुस्तक ठेवलं हे कुणाला कळत नाही. आठवड्याला एकदा दोन शिक्षिका आणि मी मिळून ती उघडायचो. आणि त्यांनी सगळ्या वर्गांत जाऊन सांगितलं की कुठली गोष्ट आमच्यापाशी राहील आणि कुठली राहणार नाही. अठराच्या आतल्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाला असं कळलं तर पोक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवावंच लागतं, तिथं शिक्षकाला गप्प बसता येत नाही. हे आधी सांगितल्यानं चिठ्ठ्या येणार नाहीत अशी काहींना भीती होती. उलट झालं. आपल्याशी कुणीतरी खरं बोललं म्हणून असेल, पण चिठ्ठ्या आल्या.

काय असायचं त्यांत? मला वाटलं होतं तसं नाट्यमय फार थोडं. ‘गणिताचे सर उत्तर चुकलं की आडनावावरून बोलतात.’ ‘शेवटच्या तासाला बाई दहा मिनिटं जास्त घेतात, गाडी चुकते, मग घरी उशीर का म्हणून मार बसतो.’ ‘मैत्रिणीनं बोलणं सोडलंय, कारण कळत नाही.’ ‘पॅड बदलले तर टाकायचे कुठं?’ यातल्या निम्म्या गोष्टी त्याच दिवशी मिटण्यासारख्या होत्या आणि मिटल्याही. झाकणाची बादली आली. शेवटचा तास घंटेला सुटायला लागला.

एक चिठ्ठी चौकोनी वहीच्या कागदावर होती, बारीक घडी घातलेली. ‘मला फळ्यावरचं दिसत नाही. पुढं बसवा. पण घरी सांगू नका.’ नाव नव्हतं. बाईंनी दोन दिवस वर्गात फळ्यावर मुद्दाम बारीक लिहून कोण शेजारच्या वहीत बघतंय ते पाहिलं. सापडली. अभ्यासात बरी असलेली मुलगी वर्षभरात मागे पडली होती, रोज कपाळ दुखायचं, तिच्यावर कॉपीचा आळही एकदा आला होता. घरी चष्म्याचं नाव काढायची सोय नव्हती, कारण थोरल्या बहिणीची सोयरीक चष्म्यापायी मोडली होती आणि आईनं ते मनाला लावून घेतलं होतं. आता तिला पुढं बसवणं सोपं होतं, पण डोळ्यांचं काय? पालकांना बोलावलं असतं तर मुलीनं आमच्यावर पुन्हा कधी विश्वास ठेवला नसता. बाईंनी वाट पाहिली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं आरोग्य पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. ते आलं तेव्हा बाईंनी डॉक्टरांना सांगून अख्ख्या नववीची नजर तपासून घेतली. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, एक डोळा झाकायचा, वाचायचं. ती मुलगी सोडून आणखी तिघांना चष्मा निघाला, त्यात दोन मुलं. चौघांच्या घरी एकसारखं छापील पत्र गेलं. ‘सरकारी तपासणीत निघालं’ म्हटल्यावर तिच्या आईनं कपाळाला हात लावला म्हणे, पण चष्मा झाला. त्या पत्राच्या आवक-जावक नोंदी मी केल्या आहेत आणि माझ्या नोकरीतल्या सगळ्या नोंदींमध्ये त्या चार मला जास्त आवडतात.

बसस्थानकावरच्या त्रासाच्या चिठ्ठ्या आल्या तेव्हाही हेच केलं. कुणाचं नाव नाही, कुणाच्या घरी निरोप नाही. शाळा भरताना आणि सुटताना स्थानक परिसरात पोलिसांच्या निर्भया पथकाची गस्त मिळावी, असं शाळेच्या लेटरहेडवर पत्र. पथक आलं, नंतर अधूनमधून येत राहिलं. कायमचा बंदोबस्त झाला असं म्हणणार नाही, पण त्यापायी कुणाचा दाखला निघाला नाही.

त्याच बाईंनी एकदा मुलींकडून बिननावाच्या चिठ्ठ्यांवर विचारून घेतलं की शाळेकडून तुम्हाला नेमकं काय हवंय. आम्हाला वाटलं सहल म्हणतील, नाहीतर स्नेहसंमेलन. बहुतेकींनी लिहिलं, शाळा सुटल्यावर गाडी येईपर्यंत बसायला जागा. शाळा साडेबाराला सुटायची, त्यांच्या गावाकडची गाडी अडीचच्या पुढं. तेवढा वेळ त्या स्थानकावर उभ्या राहायच्या. आणि घरी पोचल्यावर कामं असतात, त्यामुळे दिवसातला तोच मोकळा वेळ. मग ग्रंथालय अडीचपर्यंत उघडं राहायला लागलं. शिपायाच्या ड्युटीची थोडी ओढाताण झाली, कुरकुरही झाली. पंखा, पाणी, टेबल आणि ‘ए, जरा चहा टाक’ म्हणणारं कुणी नाही. माझ्या कार्यालयाच्या खिडकीतून ते ग्रंथालय दिसायचं. एवढी शांतता शाळा चालू असतानाही नसायची.

बाई तिथं येऊन बसायच्या, शिकवायच्या नाहीत. दोन-तीन गोष्टी तेवढ्या त्यांनी लावून दिल्या. धडा चौथ्यांदा वाचण्यापेक्षा वही मिटायची आणि आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहायचं. जे आलं नाही तेवढंच परत वाचायचं. यानं वेळ वाचतो आणि आपल्याला काय येतं हे परीक्षेच्या आधीच कळतं. अर्ध्या ताणाचं मूळ तिथंच असतं, काही येतं की नाही हेच माहीत नसतं. चाचणीआधी पाच मिनिटं ज्याची धास्ती वाटते ते कागदावर लिहून काढायचं आणि कागद फाडून टाकायचा. छातीत धडधडायला लागलं तर श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा, चार मोजत आत, सहा-सात मोजत बाहेर. मीही मार्चअखेरीच्या ऑडिटच्या वेळी तो प्रयोग करायची, चालतो.

खेळाचंही सांगायला हवं. आठवीनंतर मुली मैदानावरून नाहीशा होतात. कुणी बंदी घालत नाही, नुसतं ‘आता मोठी झालीस’ एवढं म्हटलं की पुरतं. आमच्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यानं सारिका काळेसारखी खो-खोपटू दिली, भारतीय संघाची माजी कर्णधार, २०२० सालची अर्जुन पुरस्कारविजेती. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, तो आपल्या मुलींनी प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली जिंकला. इतकी जवळची उदाहरणं असताना आमच्या शाळेच्या क्रीडा साहित्याच्या नोंदवहीत मुलींच्या नावावर दोरीच्या उड्यांच्या दोऱ्या आणि रिंगा! खो-खोला तर दोन खांबांपलीकडे काही लागतही नाही. आठवड्यातून दोन दिवस मैदान फक्त मुलींना द्या, कुंपणाशी बघ्यांना उभं राहू देऊ नका आणि शिटी बाईंच्या हातात द्या. व्याख्यानमालेपेक्षा स्वस्त पडेल.

समुपदेशकाबद्दल आपल्या लेखात चार ओळी होत्या, ‘शाळेतील समुपदेशकाची मदत घ्या’. आमच्या तालुक्यातल्या किती शाळांत तो आहे ते एकदा आपल्या वार्ताहराला विचारून पाहायला सांगा. बोर्डाच्या परीक्षेच्या काळात मंडळ समुपदेशकांचे फोन नंबर जाहीर करतं, ते बरंय, पण मुलीचा ताण काही फेब्रुवारीत सुरू होत नाही. मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी ‘टेलिमानस’ हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट. मुलांसाठीचा १०९८ तर त्याच्याही कितीतरी आधीपासून. घरात लग्नाची बोलणी सुरू झालेल्या पंधरा वर्षांच्या मुलीलाही १०९८ लावता येतो. हे नंबर आम्ही ओळखपत्राच्या मागच्या बाजूला छापून घेतले. ओळखपत्र गळ्यातच असतं, घरी कुणी विचारलं तर शाळेनं सगळ्यांच्याच छापलेत असं सांगता येतं. छपाईला वेगळा पैसा पडला नाही.

राहिला निकाल. मुलींचा निकाल दरवर्षी मुलांपेक्षा वरचढ, ही आपली ठरलेली बातमी, आणि ती खरीच असते. पेढा भरवतानाचा फोटोही असतो. पण निकालाच्या दुपारी माझ्या खिडकीशी रांग असायची ती गणितात राहिलेल्यांची. मुलगा राहिला तर बाप विचारायचा, ‘आता फॉर्म कधी भरायचा?’ मुलगी राहिली तर बाप काही विचारायचा नाही, गुणपत्रिका घेऊन निघायचा. त्याला थांबवून सांगायला लागायचं की पावसाळ्यात लगेच पुरवणी परीक्षा असते, वर्ष वाया जात नाही. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला बसता येतं. अगदी शाळा सुटली तरी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते. पुढे तर २०२४ पासून ठरावीक प्रवर्गांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ झाली आहे. पण पस्तीसच्या जागी अठ्ठावीस पडले म्हणून जी घरी बसली तिच्या उपयोगाचं ते काय? कित्येक बापांना यातलं काहीच माहीत नसायचं. सांगितलं की काही परत यायचे, मुलीला घेऊन.

म्हणून आपल्याकडे एकच मागणं आहे आणि ते आपल्या हातातलं आहे. यंदा निकालाच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर, त्या पेढ्याच्या फोटोशेजारीच, पाव कॉलम जागा द्या. पुरवणीचा फॉर्म कुठं आणि कोणत्या तारखेपर्यंत भरायचा, फी किती, एटीकेटीचा नियम काय, आणि खाली १४४१६ व १०९८. आतल्या पानावर नको. आमच्याकडे चहाच्या टपरीवर पेपर वाचला जातो आणि आतलं पान तोवर कुणीतरी वेगळं काढून नेलेलं असतं. मजकूर हवा असेल तर मी लिहून देईन. तारखा मंडळाचं परिपत्रक आल्यावर भरता येतील. फी सुद्धा त्यातच असते.

कळावे,

आपली वाचक,
एक निवृत्त वरिष्ठ लिपिक, जि. सोलापूर
(नाव व पत्ता कार्यालयाकडे दिला आहे, कृपया छापू नये.)